येताना २३ दिवस, जाताना तीन महिने

तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, युरोपचा खुष्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून जलमार्गाचा शोध सुरू झाला आणि १४९८ मध्ये वास्को-द-गामा कालिकतला पोहोचला. शाळेच्या वहीपासून स्पर्धा परीक्षांच्या गाइडपर्यंत हे उत्तर पिढ्यानपिढ्या असंच उतरवलं जातंय. चार गुणांचा प्रश्न असेल तर चारही गुण मिळतात. एक कारण, एक नाव, एक साल. लक्षात ठेवायला सोपं.

या उत्तरावर आपल्याकडे वाद होतो तो भलत्याच ठिकाणी. एक बाजू म्हणते, गामानं भारताकडे येणारा सागरी मार्ग शोधला, हे मान्य करा. दुसरी म्हणते, कसला शोध, तो तर लुटारू. त्याचं नाव गोव्यातल्या शहराला तरी कशाला हवं? दोघंही बघतात ते एकाच दिवसाकडे, २० मे १४९८ कडे. सफर दोन वर्षांची होती. ८ जुलै १४९७ ला लिस्बनहून निघालेल्या ताफ्यातलं पहिलं जहाज १० जुलै १४९९ ला घरी परतलं. निघाले तेव्हा सुमारे १७० जण होते, परतले त्याच्या साधारण एक तृतीयांश. ही माणसं कुठे मेली, कशानं मेली आणि ती वाचली असती का, हे आपली पुस्तकं सांगत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे: ही सफर शिकवायची असेल तर आख्खी शिकवा, आणि त्यातही परतीचा प्रवास आधी शिकवा. गामाला समुद्रातलं काय कळत होतं, काय कळत नव्हतं आणि आपल्या किनाऱ्यावर त्यानं खरोखर नवीन काय आणलं, हे त्या परतीच्या वाटेवरच दिसतं.

आधी ते १४५३ निकालात काढू. पोर्तुगीजांनी मोरोक्कोतलं सेउता घेतलं १४१५ मध्ये. जिल एआनेश नावाच्या खलाशानं सहाराच्या किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर ओलांडलं १४३४ मध्ये; त्यापलीकडे गेलेलं जहाज परत येत नाही अशी तेव्हा समजूत होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचा मोठा जाहीर बाजार पोर्तुगालच्या लागुश गावात भरला १४४४ मध्ये. हे सगळं कॉन्स्टँटिनोपल पडायच्या आधीचं. म्हणजे कारण नंतर घडलं आणि परिणाम आधी. शिवाय मिरी, लवंग, जायफळ युरोपात येत होतं ते मुख्यतः तांबड्या समुद्रातून कैरो-अलेक्झांड्रियामार्गे, आणि तिथे राज्य होतं मामलुकांचं. तुर्कांनी इजिप्त घेतलं ते १५१७ मध्ये, गामा कालिकतला येऊन गेल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी. व्हेनिसचे व्यापारी तर कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर दुसऱ्याच वर्षी तुर्कांशी तह करून मोकळे झाले होते. मार्ग बंद झाला नव्हता. त्या मार्गावरचा नफा व्हेनिसच्या आणि कैरोच्या घशात जात होता आणि पोर्तुगालला तो आपल्या ताटात हवा होता. सोबत गिनीच्या किनाऱ्यावरच्या सोन्याची चटक, गुलामांचा धंदा आणि मुसलमानांच्या पाठीमागे कुठेतरी एक बलाढ्य ख्रिस्ती राजा आहे ही जुनी आशा. एवढी कारणं एका वाक्यात बसत नाहीत हे खरं. पण बसत नाहीत म्हणून चुकीचं वाक्य घोकून घ्यायचं?

आता पोर्तुगीजांचं श्रेय. ते द्यायला आपल्याला जड जातं, पण नीट दिलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यानं सरळ दक्षिणेकडे जायचं म्हटलं तर शिडाच्या जहाजाची दमछाक होते. गिनीच्या आखातात वारा पडतो, त्याखाली आग्नेयेचा वारा आणि उत्तरेकडे वाहणारा सागरी प्रवाह दोन्ही तोंडावर येतात. आधीच्या कॅप्टनांनी किनारा धरून हा त्रास सोसला होता. बार्थोलोम्यू डायस १४८८ मध्ये आफ्रिकेचं टोक वळसा घालून पलीकडे गेला, तेव्हा दक्षिणेत खोल समुद्रात पश्चिमेकडून येणारा वारा मिळतो हे कळलं. गामाच्या ताफ्यानं हे ज्ञान टोकाला नेलं. केप व्हर्द बेटांवरून ३ ऑगस्टला निघाल्यावर त्यांनी आफ्रिकेचा नाद सोडला आणि जहाजं अटलांटिकच्या मधोमध घातली, जवळजवळ ब्राझीलच्या बाजूला. तिथून मोठा वळसा घेऊन पश्चिमेचे वारे पकडले आणि पूर्वेकडे वळले. पुन्हा जमीन दिसली ती ४ नोव्हेंबरला. तीन महिने नुसतं पाणी. कोलंबसाला कॅनरी बेटं सोडल्यावर पाच आठवड्यांत जमीन लागली होती. त्याच्या नावाचा गाजावाजा बघता हा फरक सांगायला हवा. उतरल्यावर गामाच्या लोकांनी किनाऱ्यावर लाकडी ॲस्ट्रोलेब टांगून सूर्याची उंची मोजली, कारण डुलत्या डेकवर ते मोजमाप धड होत नसे. ते करायला लागणारी कोष्टकं अब्राहम झाकुतो या ज्यू विद्वानाची होती, आणि ती पोर्तुगालमध्ये छापली गेली १४९६ मध्ये. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राजा मानुएलनं ज्यूंना देश सोडायचा हुकूम काढला. झाकुतोलाही जावं लागलं. राजाला माणूस नको होता, त्याची कोष्टकं चालत होती. हा नमुना पुढे पुन्हा भेटणार आहे.

तर अटलांटिकमध्ये हे लोक पट्टीचे दर्यावर्दी होते. साठ-सत्तर वर्षांची मेहनत त्यामागे होती, प्रत्येक सफरीत वाऱ्याचा थोडाथोडा हिशेब लागत गेला होता. आफ्रिकेचं टोक ओलांडून ते जसजसे उत्तरेकडे सरकले तसतसा हा हिशेब संपत गेला. मोझांबिकपासून पुढे ते ज्या समुद्रात शिरले तो वापरातला समुद्र होता. मोझांबिक, मोंबासा, मालिंदी ही बंदरं गजबजलेली. तिथे गुजरातचं कापड, हस्तिदंत, सोनं यांची उलाढाल. पाहुण्यांच्या मळक्या जहाजांकडे आणि त्यांनी देऊ केलेल्या वस्तूंकडे बघून तिथल्या सुलतानांनी फारसं कौतुक दाखवलं नाही. दोन ठिकाणी खटके उडाले. गामानं धरलेल्या माणसांच्या अंगावर उकळतं तेल टाकून माहिती काढली, हे त्याच्याच ताफ्यातल्या माणसानं रोजनिशीत लिहून ठेवलंय. मालिंदीच्या सुलतानाचं मोंबासाशी वाकडं होतं, म्हणून तिथे मात्र आगतस्वागत झालं आणि एक वाटाड्या मिळाला.

हा वाटाड्या कोण, यावर खूप शाई खर्ची पडली आहे. प्रसिद्ध अरब नौकाविद अहमद इब्न माजिद याचं नाव वर्षानुवर्षं घेतलं गेलं. जाणकार आता ते मानत नाहीत. पोर्तुगीज इतिहासकार त्याला गुजरातचा म्हणतात. त्यातला जुआंव द बारोश सांगतो की गामानं मोठ्या ऐटीत त्याला आपला ॲस्ट्रोलेब दाखवला, तर गड्याला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट त्यानंच भारताच्या किनाऱ्याचा आडव्या-उभ्या रेषा मारलेला नकाशा पुढे केला. बारोशनं हे काही दशकांनी लिहिलं, तरी घमेंड उतरल्याचा प्रसंग आपल्याच बाजूचा लेखक नोंदवतो तेव्हा त्यात तथ्य असण्याची शक्यता जास्त.

२४ एप्रिलला मालिंदी सोडलं. नैर्ऋत्येचा वारा नुकता धरत होता. २३ दिवस जमीन दिसली नाही, मग मलबारचे डोंगर दिसले. पावसाळा तोंडावर होता, आणि कालिकतपुढच्या उघड्या समुद्रात जहाजं नांगरणं धोक्याचं. म्हणून कालिकतचा राजा झामोरिन यानं स्वतःचा माणूस पाठवून त्यांना थोडं उत्तरेला पंतलायनीच्या आसऱ्याला नेलं. आपल्याकडे आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या ओढून शाकारून ठेवतात. मालिंदीच्या त्या वाटाड्यानं आणखी तीन आठवडे उशीर केला असता तर गामाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. जमीन गाठायचा शेवटचा मुहूर्त त्यानं साधला.

कालिकतची भेट आपल्याकडे बऱ्यापैकी सांगितली जाते, पण त्यातला नजराण्याचा प्रसंग थोडा जवळून बघण्यासारखा आहे. राजासाठी गामानं काढून ठेवलं होतं ते असं: पट्ट्यापट्ट्यांचं कापड बारा नग, लाल टोप्या चार, हॅट सहा, पोवळ्यांच्या माळा चार, हात धुवायची भांडी सहा, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपं, मधाची दोन. राजाचा कारभारी आणि बंदरातले व्यापारी बघायला आले आणि हसत सुटले. मक्केहून येणारा दरिद्री व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, राजाला द्यायचं तर सोनं द्या, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. गिनीच्या किनाऱ्यावर खपणारा माल घेऊन हे लोक जगातल्या मोठ्या मसाला-बंदरात आले होते. म्हणजे समुद्र ओलांडायची तयारी जय्यत आणि समोरच्या माणसाबद्दलची माहिती शून्य. वास्तविक पेरो द कोव्हिल्याँ हा पोर्तुगीज हेर दहाएक वर्षं आधी व्यापाऱ्याच्या वेशात कालिकत, कन्नूर आणि गोवा पाहून गेला होता. त्याची माहिती गामापर्यंत पोहोचली असती तर टोप्या आणि हातधुणी घेऊन तो आला नसता. देवळाला चर्च समजून ताफ्यातल्या काहींनी आत गुडघे टेकले, तेही याच मुक्कामात.

तीन महिने रेंगाळून, थोडी मिरी-दालचिनी घेऊन, जकातीच्या ६०० अशरफ्यांवरून भांडण करून आणि काही स्थानिक माणसं धरून गामानं २९ ऑगस्टला कालिकत सोडलं. मक्केची जहाजं आली की आपली खैर नाही, अशी भीती त्याला होती. भीती समजू शकते. पण निघाला तो वाऱ्याचं गणित सोडून.

आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्या उघडतो तो मासेमारीला आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं जायला. पश्चिमेला आफ्रिका गाठायची तर ईशान्येचा वारा बसावा लागतो, आणि तो नीट बसतो नोव्हेंबर उलटल्यावर. डिसेंबर-जानेवारीत निघालेलं गलबत सुखानं पलीकडे जातं. हे कालिकतच्या कुठल्याही तांडेलानं सांगितलं असतं. या समुद्रातलं ते गुपित नव्हतं, वेळापत्रक होतं. गामा मधल्या काळात निघाला, नैर्ऋत्येचा वारा सरलेला आणि ईशान्येचा सुरू न झालेला.

किनाऱ्यानं वर सरकत तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला. जहाजांची तळं खरवडली, पाणी भरलं. इथली एक हकिगत मराठी वाचकानं वाचावी अशी. काही गलबतं चालून आली म्हणून यांनी तोफा डागल्या, एक गलबत हाती लागलं, त्यात सापडलं काय, तर नारळ, काकवीचे रांजण आणि शस्त्रं. मग गोव्याकडून एक माणूस आला. चाळिशीचा, व्हेनिसची बोली फाडफाड बोलणारा, आदिलशाही मुलखातल्या सरदाराच्या चाकरीत आहे म्हणणारा. गामाच्या लोकांना संशय आला. त्याला बांधून चाबकानं फोडलं, तेव्हा तो हेर म्हणून आला होता असं त्यानं कबूल केलं. तो मूळचा ज्यू. त्याला लिस्बनला नेऊन बाप्तिस्मा दिला, नाव ठेवलं गास्पार द गामा, आणि पुढच्याच सफरीत दुभाष्या म्हणून पुन्हा इकडे पाठवलं. झाकुतोची गोष्ट आठवा. माहिती हवी, मग ती चाबकानं काढावी लागली तरी चालेल. बेटाचं म्हणाल तर १६८२ मध्ये संभाजी महाराजांना तिथे किल्ला बांधायचा होता, पोर्तुगीजांनी घाईनं ताबा घेतला आणि ते १९६१ च्या डिसेंबरपर्यंत सोडलं नाही.

५ ऑक्टोबरला अंजदीव सोडलं आणि मग वारा पडला. कधी वारा नाही, कधी तोंडावरचा. रोजनिशी लिहिणारा सांगतो, तीन महिन्यांना तीन दिवस कमी एवढा वेळ समुद्र ओलांडायला लागला. येताना २३ दिवस. लोकांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाता येईना. पाय सुजले, मग अंग सुजलं, आणि माणसं मरू लागली. हा स्कर्व्ही, ताजी फळं-भाज्या न मिळाल्यानं होणारा रोग. या टप्प्यात ३० गेली. त्याआधी तितकीच गेली होती. प्रत्येक जहाजावर काम करू शकणारे सात-आठ उरले, तेही धडधाकट नव्हेत. आणखी पंधरा दिवस असंच चाललं असतं तर जहाजं हाकायला कुणी उरलं नसतं, असं त्यानं लिहिलंय. कॅप्टनांनी एकत्र बसून ठरवलं होतं की अनुकूल वारा मिळाला तर परत भारताकडेच वळायचं. समुद्रमार्ग शोधणाऱ्या ताफ्याचा हा निर्णय पुस्तकात कधी छापला जात नाही!

शेवटी ईशान्येचा वारा आला, म्हणजे त्याच्या नेहमीच्या वेळेला आला, आणि २ जानेवारी १४९९ ला मोगादिशू दिसलं. गावापुढून जाताना यांनी तोफा डागल्या. तेवढी ताकद शिल्लक होती. मालिंदीत आजाऱ्यांसाठी संत्री मागवली. बऱ्याच जणांसाठी उशीर झाला होता. पुढे माणसंच पुरेनात म्हणून ‘साँ राफाएल’ हे आपलं चांगलं जहाज त्यांनी स्वतः जाळून टाकलं. त्या जहाजाचा कॅप्टन, गामाचा भाऊ पाउलो, अझोरेस बेटांवर मेला.

संत्र्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. येतानाही मोंबासात आजारी लोक बरे झाले होते, आणि तिथल्या सुलतानानं संत्री पाठवली होती. रोजनिशीकारानं श्रेय दिलं तिथल्या चांगल्या हवेला. उत्तर हातात होतं, साल काढून खाल्लं होतं, तरी ओळखता आलं नाही. ब्रिटिश आरमारातला डॉक्टर जेम्स लिंड यानं जहाजावर संत्र्या-लिंबांचा प्रयोग केला तो १७४७ मध्ये. मधल्या अडीचशे वर्षांत किती खलाशी याच रोगानं गेले याचा नेमका हिशेब लागणार नाही.

आता मूळ मुद्दा. हे सगळं वाचल्यावर गामानं काय शोधलं असं म्हणायचं? अटलांटिकचा वळसा त्यानं आणि त्याच्या आधीच्यांनी शोधला, त्यात कुणाचा वाटा नाही. आपल्या समुद्रात त्यानं जे केलं ते दुसऱ्याच्या ज्ञानावर, आणि ते ज्ञान सोडल्यावर तीस माणसं आणि एक जहाज गमावून. मग हिंदी महासागरात नवीन काय आलं? बंदुका-तोफांचं नाव लगेच घेतलं जातं, पण तोफा इथे अगदीच अनोळखी नव्हत्या. नवीन होती ती एक कल्पना: समुद्र हा कुणाच्या तरी मालकीचा असतो.

ती आली कधी बघा. ताफा परत आल्यावर राजा मानुएलनं स्वतःला इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि भारत इथल्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी म्हणवून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा त्यानं या चारपैकी एका ठिकाणी एक वाव जमीनही जिंकली नव्हती. त्याचे लोक वाऱ्याविना मरता मरता वाचून नुकते घरी पोहोचले होते. ज्या समुद्रावरचं ऋतूंचं गणित त्यांना नीट जमलं नव्हतं, त्याची मालकी त्यांनी कागदावर लिहून घेतली. पुढचं सगळं या कागदापासून सुरू होतं. १५०० मध्ये काब्राल हा पोर्तुगीज कॅप्टन तेरा जहाजं घेऊन निघाला, आणि त्यातली जी सहा इथवर पोहोचली त्यांनी कालिकतवर तोफा डागल्या. १५०२ मध्ये गामा स्वतः परत आला तेव्हा मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज त्यानं मलबारच्या किनाऱ्यापुढे लुटून, बायका-मुलांसकट शेकडो माणसांसह जाळलं. हे पोर्तुगीज साक्षीदारानंच लिहून ठेवलंय. मग आला परवाना. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ जवळ नसेल तर जहाज जप्त. मुघलांच्या, आदिलशहाच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. स्वतःच्या समुद्रात हज यात्रेला जायला परक्याची चिठ्ठी.

इथे कुणी म्हणेल, त्याआधी हा समुद्र काय स्वर्ग होता? अजिबात नाही. मलबारच्या किनाऱ्यावर चाचे होते, बंदरांची एकमेकांशी भांडणं होती. चिनी सरदार झेंग ह १४०५ पासून प्रचंड आरमार घेऊन कालिकतला येत होता आणि श्रीलंकेत त्यानं राजा धरून नेला होता. जोर-जबरदस्ती जुनी होती. पण बंदरात जकात द्या आणि समुद्रात वाटेल तिकडे जा, हा साधा व्यवहार सगळ्यांना मान्य होता. तो मोडला. आणि मोडलेला नियम मग सगळ्यांनीच उचलला. दोनशे वर्षांनी कान्होजी आंग्रे आपल्या किनाऱ्यावर स्वतःचं दस्तक मागू लागले तेव्हा इंग्रज-पोर्तुगीजांना ती चाचेगिरी वाटली. १७२१ मध्ये दोघांनी मिळून कुलाब्यावर हल्ला केला आणि तोंडघशी पडले. आंग्र्यांचा पराक्रम आपण अभिमानानं सांगतो, सांगावाच. पण ते दस्तक कुठल्या परंपरेचं उत्तर होतं, हे सांगायला गामाची परतीची वाट आणि मानुएलचा कागद दोन्ही लागतात.

व्हॉट्सॲपवर एक मजकूर अधूनमधून फिरतो. त्यात गामाला भारताचा रस्ता दाखवणाऱ्या भारतीय व्यापाऱ्याचं जहाज गामाच्या जहाजाच्या तिप्पट मोठं असतं आणि गामा त्याच्या मागोमाग येतो. असं काही त्या काळच्या रोजनिशीत नाही. जहाज तिप्पट मोठं करायची गरजच काय? मालिंदीहून मिळालेला एक वाटाड्या, त्याचा नकाशा आणि नैर्ऋत्येचा वारा एवढ्यानं आपली बाजू पुरेशी भक्कम आहे. अभिमानापायी खोट्याची भर घातली की खरं असलेलंही संशयास्पद होतं, आणि समोरच्याला आयती फट मिळते.

नामांतराच्या वादाबद्दल थोडक्यात. १९९८ मध्ये या सफरीला ५०० वर्षं झाली तेव्हा लिस्बननं जागतिक प्रदर्शन भरवलं, नव्या पुलाला गामाचं नाव दिलं. केरळात आणि गोव्यात निषेध झाले. दोन्हीकडची भावना आपापल्या जागी समजण्यासारखी. वास्को शहराचं नाव बदलायचं की नाही हे गोव्यातल्या लोकांनी ठरवावं, मला त्यात फारसा रस नाही. पाटी बदलून १४५३ चं चुकीचं वाक्य बदलत नाही, आणि पाटी ठेवून गामा मोठा होत नाही. कालिकतजवळ कप्पड किनाऱ्यावर एक छोटा दगडी खांब उभा आहे, गामा इथे १४९८ मध्ये उतरला असं सांगणारा. लोक त्याच्यापुढे फोटो काढतात. त्या खांबावर सफरीचा उरलेला हिशेबही कोरला असता तर फोटोपूर्वी दोन मिनिटं वाचायला काहीतरी मिळालं असतं.

माझी तक्रार शिक्षणाशी आहे. मोसमी वारे भूगोलाच्या पुस्तकात असतात, गामा इतिहासाच्या पुस्तकात, आणि दोघांची भेट होत नाही. भूगोलाच्या तासाला मुलं नैर्ऋत्य मोसमी, ईशान्य मोसमी असं पाठ करतात. ते वारे माणसं मारू शकतात आणि साम्राज्यं वाचवू शकतात हे त्यांना कुणी सांगत नाही. इतिहासाच्या नकाशात लिस्बनहून कालिकतपर्यंत एक गुळगुळीत बाण असतो, तोही बहुधा आफ्रिकेच्या किनाऱ्याला चिकटून, म्हणजे अटलांटिकचं खरं कौशल्यही पुसून टाकणारा. परतीचा बाण नसतोच. नकाशात दोन रेषा काढाव्यात, त्यांवर महिने लिहावेत, अटलांटिकमधला मोठा वळसा दाखवावा, मालिंदी-कालिकत आणि अंजदीव-मोगादिशू यांच्यावर दिवसांचे आकडे घालावेत. एका पानाचं काम आहे. किनारपट्टीवरच्या शाळांत तर शिक्षकाला फार बोलावंही लागणार नाही. वर्गात नाखव्याचा एखादा मुलगा किंवा मुलगी असतेच, गलबत कधी काढायचं आणि कधी ओढून ठेवायचं हे तिच्या घरात रोज बोललं जातं.

आणि परीक्षेत कारणं लिहा, टीप लिहा हे चालूच राहणार असेल, तर एक प्रश्न असा घालून बघावा: गामा कालिकतहून ऑगस्टअखेर निघाला, तो डिसेंबरपर्यंत थांबला असता तर काय झालं असतं? या प्रश्नाचं उत्तर गाइडमध्ये सापडणार नाही. नकाशा, वाऱ्यांचा तक्ता आणि कालिकतच्या दरबारातलं भांडण ही तिन्ही मुलांना एकदम समोर घ्यावी लागतील. चार गुणांना थोडं जड आहे, सहा द्यावेत.